लोकलचा हिसका गेला कुठे?

३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. वरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. मुंबईची ट्राम तर १९०७पासूनच विजेवर होती. दोघींपुढे अडचण एकच: उभी मोटर सुरू करायची कशी?

मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते. उभ्या मोटरीत हा दाब नसतोच. तिला थेट तारेवर जोडलं तर प्रवाह बेफाम वाढणार, मोटर जळणार. म्हणून वाटेत रोधक ठेवत. आधी मोटरी एकामागोमाग जोडायच्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला कमी दाब येतो. मग एकेक रोधक वगळायचा आणि वेग आला की मोटरी समांतर जोडायच्या. ट्रामचा चालक हँडल फिरवून हे हाताने करी. लोकलमध्ये मोटरमनच्या हुकमावर गाडीखालचे खटके ते करत. निघताना खटखट आवाज आणि बारीक हिसके येत, ते यामुळे. आणि अडवलेली वीज? ती नुसती उष्णता होऊन वाया जाई.

२००७पासून मुंबईत नव्या तीन-फेज लोकल आल्या. त्यांतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि मोटरीला हवा तेवढाच दाब, हव्या त्या वारंवारतेने देतात. सुटताना वारंवारता कमी, मग ती वाढत जाते. चढत्या सुराची ती गुणगुण या उघडझापीचीच. शिवाय ब्रेक लावला की हीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत पाठवते.

बडोदेकरांचा यातल्या आणखी एका बदलाशी संबंध आहे. विरारच्या उत्तरेला २५,००० व्होल्टचा एसी आणि मुंबईकडे डीसी, म्हणून त्यांच्या गाड्यांना दोन्हींवर चालणारी इंजिनं लागत. पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ साली डीसी संपला.

जुन्या डब्यांचे फोटो आपल्याकडे भरपूर आहेत. पण खरी करामत डब्याखाली होती, आणि ती भंगारात गेली की फोटोतून कळत नाही. ओळखीत कुणी निवृत्त मोटरमन किंवा कारशेडमधले कामगार असतील, तर त्यांना विचारा: हँडलला खाचा किती होत्या, कुठली कधी वापरायची? आणि ते लिहून ठेवा.