लोकल दीड तास, विमानही दीड तास!

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. लोकलला साधारण दीड तास लागतो. नागपूरहून मुंबईला येणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकातही जवळजवळ दीड तासच असतो! बारवी धरणावर सहलीला आलेल्या मुलांना मी हे सांगितले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने लगेच वहीत गणित केले. अंतर ६८० किलोमीटर, वेग ताशी ८०० किलोमीटर, म्हणून वेळ ५१ मिनिटे. ‘‘मग चुकले कोण? मी की वेळापत्रक?’’

दोघेही नाही. कसे ते पाहू.

प्रथम अंतर. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे, कारण रूळ घाट आणि गावे पाहत वळतात. दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर मात्र सुमारे ६८० किलोमीटर. नकाशावर ते पट्टीने जोडून पाहा. रेघ बारवी धरणाजवळून जाते. म्हणजे मुलीने अंतर बरोबर धरले होते.

आता वेग. ताशी ८०० हा उंचावरचा, सुमारे १० किलोमीटरवरचा वेग आहे. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. ३ अंशांचे टॅन ०.०५२, म्हणून १० किलोमीटर उतरायला सुमारे १९० किलोमीटर अंतर लागते. मुंबईसाठीचा हा उतार शिर्डीच्या आसपासच सुरू होतो! बारवी धरण विमानतळापासून सुमारे ५० किलोमीटर. ताशी ८०० वेगाने हे अंतर पावणेचार मिनिटांत संपेल. पण इथवर विमानाने वेग बराच कमी केलेला असतो आणि धावपट्टीला टेकताना तो ताशी २५० च्या आसपास येतो. सरासरी ४०० धरली तरी साडेसात मिनिटे लागतात. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग लागली की विमानाला वळसे घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट, वेळापत्रकातली वेळ आकाशातली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाणे आणि तिथे थांबणे हेही त्यात येते.

वर्गासाठी एक सोपे सूत्र मांडता येईल:

लागणारा वेळ = ४० मिनिटे + (अंतर ÷ वेग)

नागपूरसाठी ४० + ५१, म्हणजे सुमारे दीड तास. दिल्लीचे सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर. उत्तर दोन तास पाच मिनिटे येते. वेळापत्रकात याच्याच आसपास, थोडी जास्त वेळ दिसते. पुण्यासाठी, सुमारे १२४ किलोमीटरला, उडण्याची नऊ मिनिटे आणि बाकीची चाळीस! जवळच्या प्रवासात विमान आगगाडीपुढे फारसे का जात नाही, हे मुले यावरून स्वतःच सांगतील.

हे ४० मिनिटे म्हणजे निसर्गनियम नव्हे. विमानतळ, गर्दी आणि वारा यांप्रमाणे आकडा बदलतो. मुलांनी वेळापत्रकातील चार-पाच शहरे घेऊन अंतर व वेळ यांचा आलेख काढावा. बिंदू साधारण एका रेषेत येतील, पण ती रेषा शून्यातून जाणार नाही. ती वेळेचा अक्ष जिथे छेदते, तिथे हा ‘४०’ सापडेल.

म्हणून मुलीचे ‘५१ मिनिटे’ खोडू नका. त्याच्यापुढे अधिक चिन्ह काढायला सांगा, आणि पुढे काय लिहायचे ते तिलाच शोधू द्या.