रक्तातलं एक अमिनो आम्ल कसं मोजतात?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की द्रावणातून प्रकाश जाताना त्याचा काही भाग शोषला जातो, आणि किती शोषला गेला त्यावरून आत पदार्थ किती आहे ते सांगता येतं. आज अडचण अशी आहे, की अमिनो आम्लांना रंगच नसतो. शिवाय रक्तात ती सगळी एकत्र नांदतात. मग त्यातलं नेमकं एकच कसं मोजायचं? आपण फेनिलअ‍ॅलॅनिनचं उदाहरण घेऊ. या मोजणीवर एखाद्या मुलाचं उभं आयुष्य अवलंबून असतं.

१९३४ साली नॉर्वेमधले डॉ. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांची लघवी तपासली. फेरिक क्लोराइड घातल्यावर ती हिरवी झाली. हा रंग फेनिलपायरुव्हिक आम्लामुळे आला होता. या आजाराला आपण फेनिलकीटोन्युरिया म्हणतो. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, नीट काम करत नाही. फेनिलअ‍ॅलॅनिनचं टायरोसिन होत नाही, ते साचत जातं आणि मेंदूला इजा करतं. जन्मानंतर लगेच आहार बदलला तर ही इजा बहुतांशी टळते. पण लघवीत खूण दिसेपर्यंत मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्यातच मोजायला हवं.

इथे विकर मदतीला येतं. काही जिवाणूंमध्ये फेनिलअ‍ॅलॅनिन डीहायड्रोजिनेज नावाचं विकर असतं. गर्दीतून ते आपला माणूस बरोबर हुडकतं. फेनिलअ‍ॅलॅनिनवर ते काम करतं तेव्हा फेनिलपायरुव्हेट आणि अमोनिया तयार होतात, आणि सोबत असलेल्या एनएडी या रेणूचं एनएडीएच होतं. गंमत पाहा, फॉलिंग यांना लघवीत सापडलेला पदार्थच इथे परीक्षानळीत तयार होतो!

पण आपण मोजतो ते एनएडीएच. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच. दर माणशी एक बिल्ला. बिल्ले मोजले की आत किती माणसं गेली ते कळतं. इथे फेनिलअ‍ॅलॅनिनचा एक रेणू खर्च झाला की एनएडीएचचा एक रेणू तयार होतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतं. एनएडी तिथे जवळजवळ काहीच शोषत नाही. फरक स्वच्छ दिसतो तो त्यामुळेच.

आता हिशेब करू. एक सेंटिमीटर जाडीच्या क्युव्हेटमध्ये एनएडीएचचा मोलर शोषण गुणांक ६२२० आहे. समजा, ०.०५ मिलिलिटर प्लाझ्मा घेतला आणि एकूण द्रावण १ मिलिलिटर केलं. म्हणजे वीसपट पातळ. विकर घालण्याआधी एक वाचन घेतलं, कारण प्लाझ्मा स्वतःही थोडा प्रकाश शोषतो. विकर घातल्यावर आकडा वाढत वाढत स्थिरावला. ही वाढ ०.३७३ भरली. तिला ६२२० ने भागलं की ०.००००६ मोल, म्हणजे लिटरमागे ६० मायक्रोमोल. वीसने गुणलं की मूळ रक्तद्रवात १२००. निरोगी बाळात हा आकडा साधारण १२० च्या आतच असतो. म्हणजे हे बाळ तातडीने डॉक्टरांकडे जायला हवं.

पण निरोगी बाळाच्या ६० मायक्रोमोलसाठी वाढ किती येईल? जेमतेम ०.०१९. इतक्या लहान आकड्यावर भरवसा ठेवणं अवघड. म्हणून बऱ्याच पद्धतींत एनएडीएचकडचे इलेक्ट्रॉन टेट्राझोलियम क्षाराकडे सोपवतात. त्यातून फॉर्मॅझान हा गडद रंग तयार होतो आणि वाचन ठळक मिळतं.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ही अभिक्रिया उलटीही चालते, किंबहुना तिचा ओढा उलट्याच बाजूला असतो. म्हणून द्रावण आम्लारिधर्मी ठेवतात आणि एनएडी भरपूर घालतात. दोन, काही जिवाणूंचं विकर टायरोसिनलाही हात लावतं. तेव्हा विकर पारखून घ्यावं लागतं, नाहीतर परक्याचे बिल्लेही आपल्या हिशेबात येतात.

आज अनेक ठिकाणी नवजात बालकांच्या तपासणीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात. एका थेंबात ती अनेक आजार एकदम तपासते. तरी आकड्याची गरज एकदाच भागत नाही. फेनिलअ‍ॅलॅनिन शरीराला लागतंच. आहारातून ते पूर्ण बंद केलं तर मुलाची वाढ थांबेल. जास्त झालं तर मेंदूला धोका. म्हणून लहान मुलात ते साधारण १२० ते ३६० च्या दरम्यान राखतात, आणि त्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. घरात आई भात मोजून वाढते, तो किती वाढायचा हे ह्या आकड्यावरून ठरतं. डाएट शीतपेयाच्या डब्यावर फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी सूचना असते, ती आता वाचून पाहा. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेममधून हेच अमिनो आम्ल मिळतं.

पुढच्या वेळी ग्लुटामेट घेऊ. तिथेही बिल्ला हाच आहे, विकर मात्र वेगळं. तोवर वरचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा.