गुठळी कुठली, कशामुळे? डिस्चार्ज कार्डावर काय हवं

तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. इथला पेशंट आर्वीला जातो, सेवाग्रामला जातो, कधी अमरावती नाहीतर नागपूर गाठतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर रक्त पातळ करणारी गोळी साधारणपणे किमान तीन महिने घ्यावी लागते. एवढ्या काळात डॉक्टर बदलतोच. नव्या डॉक्टरच्या हाती असतं ते फक्त डिस्चार्ज कार्ड.

नुसतं ‘डीव्हीटी’ पुरत नाही

डीव्हीटी म्हणजे खोल शिरेतली गुठळी. ती कोणत्या पायात, कोणत्या शिरेत, डॉपलर सोनोग्राफी कोणत्या तारखेची, हे लिहिलेलं हवं. भरती होतानाच गुठळी होती की वॉर्डात असताना झाली, हेही हवं. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त राहून जाणारं म्हणजे कारण. ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर गुठळी झाली असेल, तर गोळी बहुधा तीन महिन्यांनी थांबवता येते. कारण सापडलं नसेल किंवा कर्करोग असेल, तर ती पुढे चालवण्याचा विचार होतो. हे एक वाक्य गाळलं, की गोळी लवकर तरी बंद होते किंवा विनाकारण चालू राहते. पहिल्यात गुठळी फुप्फुसात जाण्याची भीती, दुसऱ्यात रक्तस्रावाची.

कोड निवडताना

संगणकावर आजार आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या कोडने नोंदतात. पायाच्या खोल शिरेतली गुठळी आय ८०.२, वरवरच्या शिरेतली आय ८०.०. फुप्फुसातली आय २६. मेंदूच्या शिरेतली आय ६७.६, पण तीच बाळंतपणानंतर झाली तर ओ ८७.३. आपल्याकडे बाळंतिणींमध्ये हा आजार दिसतो, म्हणून फक्त पहिला कोड शोधणाऱ्याच्या आकडेवारीतून नेमक्या त्याच सुटतात.

संशय होता, डॉपलर स्वच्छ आलं, तरी भरतीच्या वेळचं निदान पुढे तसंच उतरतं. अशा वेळी झेड ०३.५ हा कोड आहे. जुनी, बरी झालेली गुठळी असेल तर झेड ८६.७.

सुट्टी होताना

२७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ‘आभा’ या चौदा अंकी आरोग्य क्रमांकाला नोंदी जोडता येतात. चुकीची नोंदही तशीच जोडली जाते. म्हणून कार्ड हातात घेतल्यावर नातेवाइकांनी तिथेच विचारावं: गुठळी कशामुळे झाली, गोळीचं नाव आणि डोस काय, ती कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी लागते का आणि कधी. उत्तरं तोंडी मिळाली तर ती कार्डावर लिहून मागावीत.