चितळासाठी केवढी रायफल?

(बिरसी, जि. गोंदिया येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काही जनावरांच्या शिकारीचे परवाने मिळायची सोय होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. मग ‘हरणाच्या शिकारीला मोठ्या बोअरची रायफल वापरावी का’ हा प्रश्न इथं कशाला? तर शिकाऱ्यांमध्ये शंभरहून अधिक वर्षं चाललेला हा वाद वरून बंदुकीचा दिसतो, आतून तो साधनाचा आहे. हातात आहे तेवढी ताकद वापरायचीच का, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त दया का, हा त्यातला खरा प्रश्न. शिकार बंद झाली म्हणून तो प्रश्न काही बंद होत नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपण सरसकट ‘बोअर’ म्हणतो, पण त्याचे अर्थ दोन. छऱ्याच्या बंदुकीचा बारा बोअर म्हणजे नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणून तिथं आकडा वाढला की नळी बारीक होते. रायफलीचं उलटं आहे. तिथला आकडा हा नळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. २७५ म्हणजे सुमारे सात मिलिमीटर. ३७५ म्हणजे साडेनऊ. आपल्याकडं परवान्यावर मिळणारी ३१५ म्हणजे आठ. ३०३ ही लष्कराची गोळी, म्हणून सामान्य माणसाला ती बंद.

आता ताकद पाहू. २७५ ची नऊ ग्रॅमची गोळी नळीतून निघताना साधारण तीन हजार ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. १९१२ साली आलेल्या ३७५ मॅग्नमची गोळी साडेएकोणीस ग्रॅमची, ऊर्जा पावणेसहा हजारांच्या आसपास. ४७० ची दुनळी एक्सप्रेस सात हजारांच्या घरात. आणि समोर कोण? भरलेला चितळ नर सत्तर ते नव्वद किलोचा. सांबर त्याच्या तिपटीचं असू शकतं. भेकर तर वीस-पंचवीस किलोचं. ४७० ही रायफल हत्ती आणि गव्यासाठी बनवलेली. ती चितळावर रोखली की चित्र कसं दिसतं, तुम्हीच बघा.

मग लोक मोठी रायफल वापरायचेच का? पहिलं कारण अगदी व्यावहारिक. मध्य प्रांताच्या जंगलात शिकारी चितळासाठी निघाला, तरी वाटेत वाघ भेटू शकतो, गवा भेटू शकतो. ज्याच्याजवळ एकच रायफल, तो सर्वांत मोठ्या धोक्याच्या हिशोबानं ती निवडणार. दुसरं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. ‘गोळी मोठी असली तर जनावर जागच्या जागी पडेल, जखमी होऊन तडफडणार नाही,’ असं म्हणतात. हा दयेचा युक्तिवाद आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा याच विचारानं चालतो. तिथं बहुतेक जातींच्या हरणांना मारण्यासाठी रायफल किमान २४० बोअरची आणि गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूल हवी, असं बंधन आहे. लक्षात घ्या, कायद्यानं खालची मर्यादा घातली, वरची घातली नाही. का? कारण कमी ताकदीची गोळी जनावराला मारत नाही, सडवते.

म्हणजे खालची रेषा मान्य. पण त्या रेषेच्या वर गेल्यावर ताकद वाढवत नेली, की दयाही वाढत जाते का? इथं युक्तिवाद लंगडा पडतो.

गोळीनं हरीण मरतं कसं, ते बघा. ‘धक्क्यानं मरतं’ असं लोक म्हणतात. मुख्यतः ते मरतं रक्त वाहून गेल्यानं आणि फुप्फुसं निकामी झाल्यानं. गोळी फुप्फुसांतून गेली तरी हरीण पन्नास-शंभर मीटर धावतं आणि मग पडतं. तीच गोळी पोटात बसली, तर ती ३७५ असली तरी जनावर तासन्‌तास जिवंत राहू शकतं. दुसरी गोष्ट गोळीच्या घडणीची. मऊ टोकाची गोळी शरीरात उमलते. जाड कातड्याच्या जनावरांसाठी केलेली टणक गोळी चितळाच्या अंगातून सरळ पार होते, न उमलताच. मग तिची निम्मीअधिक ताकद पलीकडच्या झाडात आणि मातीत जाते. त्या ताकदीचा हरणाला उपयोग नाही आणि शिकाऱ्यालाही नाही. पलीकडं मात्र कोणी गुराखी असू शकतो. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. अमेरिकेच्या काही सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत हरणांसाठी लांब पल्ल्याच्या रायफलींना मनाई ठेवली गेली, ती यासाठीच.

तिसरी गोष्ट माणसाची. ३७५ चा खांद्याला बसणारा धक्का २७५ च्या दुपटीहून अधिक. ज्याला त्या धक्क्याची धास्ती, तो घोडा ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि नेम चुकतो. म्हणजे चूक झाकायला घेतलेलं साधनच चूक घडवतं! हा मला यातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

आता उलटं उदाहरण घ्या. करामोजो बेल नावाचा स्कॉटिश शिकारी होता. त्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या लहान रायफलीनं. हत्तीची कवटी कुठं कशी असते याचा त्यानं बारकाईनं अभ्यास केला होता. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती २७५ ची. आता यावरून ‘लहान रायफलच घ्या’ असा निष्कर्ष काढू नका. बेलचं ज्ञान नसलेल्या माणसानं बेलची रायफल घेणं हाही अविचारच. निष्कर्ष एवढाच, की ताकद ही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत हरणामागं रथ धाडतो, तेव्हा तपस्वी त्याला अडवतात. त्यांचं म्हणणं असं, की कुठं या हरणांचं कोवळं जगणं आणि कुठं तुझे वज्रासारखे बाण. शस्त्र आहे ते पीडितांच्या रक्षणासाठी. हा प्रमाणाचा युक्तिवाद झाला. महाभारतात पांडू हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला मारतो आणि म्हणतो, मृगया हा राजाचा धर्मच आहे. ऋषी म्हणतो, मारलंस याला माझा आक्षेप नाही. ज्या वेळी मारलंस त्या वेळेला आहे. हा झाला काळाचा युक्तिवाद. आणि दशरथ? घडा भरल्याचा आवाज ऐकून, जनावर समजून बाण सोडला, आणि श्रावण गेला. त्याचा बाण कमजोर नव्हता, नेमही अचूक होता. समोर काय आहे, हेच त्यानं पाहिलं नाही.

या तिन्हींतून साधन वापरणाऱ्यासाठी तीन प्रश्न निघतात. समोर नेमकं कोण आहे? लागेल तेवढीच ताकद आहे का? आणि माझ्या घावाच्या पलीकडं काय आहे? रायफलीचा आकडा यांतल्या फक्त मधल्या प्रश्नाला उत्तर देतो, तेही अर्धंच.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं : “सर, हे सगळं ठीक आहे. पण धानात रानडुकरं शिरतात, रोही शिरतात. शेतकऱ्यानं काय करावं?”)

प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करत असतील, तर वन अधिकाऱ्याच्या परवानगीनं त्यांना मारण्याची वाट राज्य शासनानं २०१५ साली मोकळी केली. भरपाईचीही सोय आहे; ती वेळेवर मिळावी म्हणून भांडायलाच हवं. पण आज विदर्भातल्या शेतात खरं भय रायफलीचं नाही, कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेचं आहे. आपले तीन प्रश्न तिला विचारा. समोर कोण आहे, हे तार पाहत नाही. तिच्या ताकदीला माप नाही. आणि पलीकडं कोण, याचं तिला सोयरसुतक नाही. डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. रायफलीमागं निदान एक डोळा असतो. तारेमागचा माणूस घरी झोपलेला असतो. साधन जितकं बलवान, तितकं त्याच्यामागं जागं असणारं माणूस हवं, एवढंच मला सांगायचं होतं.