मौतचा कुवा : उभी भिंत, आडवी फेरी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार ओलांडला की आधी आवाज येतो, मग तंबू दिसतो. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीचा आवाज आणि त्यावर कर्ण्यातली हिंदी : ‘मौत का कुआँ’. फळ्यांच्या गोल, उभ्या भिंतीवर आतून गाड्या फिरवण्याचा हा खेळ. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा आज नंदुरबार जिल्ह्यात गणली जाते; पण १ जुलै १९९८ पर्यंत सारंगखेडे धुळे जिल्ह्यातच होते आणि धुळे-जळगावकडच्या माणसाला ती अजून आपलीच वाटते.

नाव हिंदी, पण आपण ते मराठी व्याकरणात ओढून घेतले आहे. दिवा-दिव्यात तसे कुवा-कुव्यात. “कुव्यात मारुती गाडीपण फिरते,” असे आम्ही शाळेत सांगायचो. भाषांतर मात्र कोणी केले नाही. ‘मरणाची विहीर’ अशी पाटी लावून पाहा, तिकीट कोण काढेल? आपल्याकडे ‘तिने विहीर जवळ केली’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ‘मौत’ मात्र परकी राहिली. तिच्याच अरबी कुळातला ‘मयत’ हा शब्द आपल्या घरात रुळलेला आहे. मयतीला जायचे म्हटले की माणूस मुकाट टोपी शोधतो. करमणुकीला थोडे परके मरणच बरे.

हा खेळ मूळचा अमेरिकी जत्रांतला. १९११च्या सुमारास कोनी आयलंडला मोटारसायकलींसाठी लाकडी गोल धावपट्टी होती. पुढे तिच्या भिंती उभ्या होत गेल्या आणि १९२९मध्ये खेळ ब्रिटनला पोचला. इंग्रजीत त्याला ‘वॉल ऑफ डेथ’ म्हणतात, म्हणजे मृत्यूची भिंत. गाडी चालवणाऱ्याला भिंत दिसते. आपण वरच्या गॅलरीत कठड्याला पोट टेकवून खाली डोकावतो, तेव्हा दिसतो तो कुवाच. मला हे हिंदी बारसे मुळापेक्षा सरस वाटते.

घोटाळा होतो तो पुढे. सर्कशीतला जाळीचा गोल, म्हणजे ‘मौत का गोला’, आणि हा कुवा यांना आपण सर्रास एकाच नावाने हाक मारतो. खेळ दोन, शास्त्रही दोन. कुव्यात भिंत उभी, पण गाडीची फेरी आडवी, जमिनीला समांतर. गोलात गाडी तळातून वर चढते, डोके खाली करून माथ्यावरून जाते. तिथे फेरीच उभी.

कुव्यात गाडीला धरून ठेवते ते घर्षण. भिंत तिला आत वळवत राहते, त्या दाबामुळे टायर फळीला चिकटतो. तीस फूट व्यासाच्या कुव्यात ताशी ४५ किलोमीटरने फिरणाऱ्याला भिंत त्याच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट दाबते. नीट पाहिले तर तो पुरता आडवा नसतोच, डोके चाकांपेक्षा जरा वर असते. फळीवर तेल सांडले, तर वेग असूनही गाडी घसरेल. गोलाच्या माथ्यावर हिशेब वेगळा. सोळा फूट व्यासाच्या गोलात तिथे ताशी सतरा-अठरा किलोमीटरचा वेग असला की गाडी जाळी सोडत नाही. स्वार जाडा की बारीक, याने काही बिघडत नाही. वजन या गणितातून कटून जाते.

हीच उभी फेरी आपण नदीवर बादलीने केलेली असते. खांद्यापासून पाण्यापर्यंत मीटरभर अंतर धरले, तर पूर्ण फेरी दोन सेकंदांच्या आत झाली पाहिजे. रेंगाळलात की पाणी डोक्यावर.

मराठीला हा भेद कळत नव्हता असे नाही. फुगडीत घेतात ती गिरकी, डोंबारी मारतो ती कोलांटी. एक आडवी, एक उभी. जत्रेतल्या मोठ्या उभ्या चाकाला तर जुने नावच रहाटपाळणा. रहाट कुठला? विहिरीवरचा. म्हणजे उभ्या फेरीचा शब्द आपण विहिरीवरूनच उचलला होता आणि नंतर आडव्या फेरीला कुवा म्हणून बसलो! वृत्तपत्रांत अधूनमधून ‘मृत्यूगोल’ छापून येते. ते गोलापुरते ठीक आहे. कुव्याला तो शब्द लावू नये.

लोकांचे लक्ष असते नोटेकडे. कठड्यावरून कोणी दहाची नोट पुढे धरतो, स्वार एक हात सोडून ती टिपतो, भिंत थरथरते, पायाखालची फळीसुद्धा. मला मात्र फळ्याच आठवतात. यात्रा उठली की हा कुवा बोल्ट काढून ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी जसाच्या तसा उभा राहतो.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलात, तर वर चढण्याआधी बाहेरून एक चक्कर मारा आणि फळ्यांचे सांधे पाहा.