यंत्राने यंत्र म्हणूनच बोलावे

१९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ ही संभाषणप्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा समोरच्याच्या वाक्यातील शब्द हेरून तेच प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे तिच्यापाशी फारसे काही नसताना माणसे तिच्याजवळ अंतःकरण उघडे करू लागली, आणि त्या भ्रमाने व्यथित झालेल्या वायझेनबॉम यांनी १९७६ साली ग्रंथ लिहून समाजाला सावध केले.

ओळखीचा शब्द न सापडल्यास एलायझा ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे वाक्य टाकून वेळ मारून नेई. २०१४ साली गाजलेल्या ‘यूजीन गूस्टमन’ या चॅटबॉटने १३ वर्षांच्या युक्रेनी मुलाचे सोंग घेऊन आपले अज्ञान झाकले.

याउलट, प्रामाणिक चॅटबॉटने प्रारंभीच आपण यंत्र असल्याचे जाहीर करावे, न उमगल्यास तशी साफ कबुली द्यावी आणि प्रकरण जबाबदार माणसाच्या हवाली करावे. हुबेहूब नकलेच्या कसबापेक्षा ही सचोटी मला अधिक मोलाची वाटते.