विकरांचा कारखाना (लेखांक ७) : चुंबकाला बांधलेले विकर

विकर स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवते, हे मागच्या लेखांकात पाहिले. तरीही कारखान्यात ते बहुधा दर खेपेला नव्याने ओतावे लागते. अडचण विद्राव्यतेची आहे. क्रिया संपते तेव्हा तयार माल आणि विकर एकाच पाण्यात असतात आणि शाबूत विकर बाहेर काढणे परवडत नाही.

उपाय जुना आहे : विकर न विरघळणाऱ्या घन पदार्थाला बांधून ठेवायचे. साखर फोडणारे इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीला चिकटले तरी काम करते, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये दाखवले. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांनी बांधलेले विकर वापरून अमिनो आम्लांचे उत्पादन सुरू केले. असे विकर सहसा सच्छिद्र मण्यांवर बसवून नळकांड्यात भरतात आणि वरून द्रावण सोडतात. द्रावण नितळ असेल तर ही रचना उत्तम चालते. पण त्यात भुसा किंवा तंतू असले की नळकांडे तुंबते, आणि गाळणीवर मणी व गाळ एकत्रच अडकतात.

इथे मॅग्नेटाइट हा लोहाचा काळा ऑक्साइड कामी येतो. गाळ चुंबकाला दाद देत नाही, मॅग्नेटाइट देतो. शिवाय १० नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम कणांचा एकूण पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहून अधिक भरतो, म्हणजे विकराला बसायला जागा भरपूर.

मात्र साधी लोखंडी भुकटी चालत नाही. एकदा चुंबकाजवळ नेली की तिच्यात चुंबकत्व शिल्लक राहते आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. मॅग्नेटाइटचा कण साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान असेल, तर नेहमीच्या तापमानाची उष्णतासुद्धा त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटीपालटी करते. बाहेरचे चुंबक दूर होताच कण पुन्हा मोकळे! लुई नील यांनी १९४९ मध्ये या वर्तनाची उपपत्ती मांडली. अतिअनुचुंबकत्व म्हणतात ते हेच.

कण करण्याची कृती सोपी आहे. फेरस आणि फेरिक क्षार १:२ प्रमाणात पाण्यात घेऊन अमोनिया घातला की काळा साका बसतो. त्यावर सिलिकाचा थर, त्यावर अमिनो गट, मग ग्लुटाराल्डिहाइडचा दुवा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला विकर. दुवा फार आखूड ठेवला तर दावे आखूड असलेल्या गाईसारखे होते. चारा समोर असून तोंड पोचत नाही.

आणखी एक पेच आहे. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर ठरते. व्यास निम्मा केला की ओढ आठपट घटते, त्यामुळे सुटा बारीक कण पाण्यातच भरकटत राहतो. म्हणून असे पुष्कळ कण सिलिकाच्या किंवा बहुवारिकाच्या एका मोठ्या मण्यात कोंबतात. मोकळे होण्याचा गुण बारीक कणांचा राहतो, ओढ मण्याची मिळते.

शेवटी प्रश्न हिशेबाचा. प्रत्येक खेपेला काही विकर निसटते, काही निकामी होते, काही मणी धुण्यात जातात. ही घट ५ टक्के असेल तर चौदाव्या खेपेनंतर निम्मीही क्षमता उरत नाही. ती २ टक्क्यांवर आणली तर तोच पल्ला सुमारे ३४ खेपांचा होतो. महागडे विकर आणि गढूळ माल एकत्र आले तरच चुंबकाचा खर्च वसूल होतो. साखरेच्या नितळ पाकाला जुने नळकांडेच बरे.

पुढील लेखांकात : बांधलेले विकर निकामी का होते?